सोमवारची बेरीज

मिशनवाडीच्या शाळेत सोमवारचा पहिला तास गणिताचा आणि त्यासाठी पुस्तक उघडायची कधी गरज पडायची नाही. आकडे फळ्यावर तयारच असायचे. मोठ्या हॉलच्या फळ्यावर, उजव्या कोपऱ्यात, एकाखाली एक, टपोऱ्या वळणदार हातानं लिहिलेले. रविवारी सकाळी त्याच हॉलमध्ये ख्रिस्ती मंडळीची उपासना व्हायची, तीत म्हणायच्या गीतांचे ते क्रमांक. उपासना संपली तरी ते पुसायचे नाहीत, अशी रीत. सोमवारी तिसरीच्या पोरांनी त्यांची बेरीज करायची, चौथीच्यांनी गुणाकार. शेतकऱ्यांची पोरं घरी जाऊन सांगायची, "आज येशूनं लई अवघड गणित घातलं." घरचे हसायचे. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण घरच्यांनीही लहानपणी तीच गणितं सोडवली होती.

ही रीत हन्नाबाईंच्या सासऱ्यांनी पाडली. ते या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि भयंकर काटकसरी होते. एकदा झिजवलेला खडू दोनदा कामाला यावा एवढाच त्यांचा हेतू. हन्नाबाई सून म्हणून आल्या, मग शिक्षिका झाल्या, मग त्याच खुर्चीवर मुख्याध्यापिका म्हणून बसल्या, आणि रीत तशीच राहिली. न्हावऱ्याच्या अलीकडे, शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ही वाडी. आजूबाजूला ऊस, कांदा आणि गोठे. मधोमध चिंचेचं झाड, कौलारू शाळा, तिचा हॉल आणि हॉलच्या माथ्यावर घंटा. ती घंटा शाळेचीही आणि उपासनेचीही. रविवारी जरा सावकाश वाजवायची, एवढाच फरक.

हन्ना रणभिसे ही बाई दिसायला किरकोळ, पण आवाज असा की चिंचेवरचे कावळे उडावेत. रांजणगावच्या कंपन्यांत सुपरवायझर झालेले बाप्ये अजून त्यांना रस्त्यात बघून मोटारसायकलचा वेग कमी करतात, डोक्यावर हेल्मेट नसेल तर गल्ली बदलतात. हट्टी तर इतक्या की एकदा बोलल्या ते बोलल्या. आणि खोटं त्यांना सहन होत नसे. गृहपाठ विसरला म्हणणाऱ्याला माफी होती. वही गाईनं खाल्ली म्हणणाऱ्याला नव्हती.

नवरा प्रभुदास याच्या उलट. शिरूर डेपोतून निवृत्त झालेला एसटीचा कंडक्टर, गोडबोल्या, गाडीत जागा नसली तरी माणूस मागे न ठेवणारा. मंडळीचा कारभार बघणारा पंच. फळ्यावरचे ते टपोरे आकडे त्याच्याच हातचे. शनिवारी दुपारीच तो हॉलमध्ये जायचा, फळा ओल्या फडक्यानं पुसायचा, वाळू द्यायचा आणि मग डोळे बारीक करून एकेक आकडा काढायचा. हन्नाबाई म्हणायच्या, "एवढं निगुतीनं कधी माझ्या नावाची चिठ्ठी लिहिली नाहीत." तो म्हणायचा, "तुझ्या नावाची बेरीज कोण करणार?"

तर अशी ही शाळा, आणि तिची मान्यता दर तीन वर्षांनी नव्यानं घ्यावी लागते. बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढी जुनी मिशनची शाळा, हिला कसली आता मान्यता! पण सरकारदरबारी जुनेपणाला काही किंमत नाही. दरवेळी सगळं नव्यानं दाखवायचं. प्रत्येक वर्गाला खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, खिचडीचं स्वयंपाकघर. आणि सगळ्यात शेवटी हमी द्यायची की इमारतीचा वापर फक्त शिक्षणासाठी होतो. हन्नाबाईंनी ती हमी दरवेळी दिली होती, आणि बिनदिक्कत दिली होती.

यात कोणाला लबाडी दिसेल. मला मात्र नाही दिसत, आणि हन्नाबाईंना ओळखणाऱ्या कोणालाच दिसायची नाही. त्यांच्या मनात रविवारची उपासना हा इमारतीचा दुसरा वापर कधी नव्हताच. या हॉलमध्ये मंडळीच्या आज्या-पणज्या गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन अक्षर ओळखायला शिकल्या. शाळा कुठं संपते आणि उपासना कुठं सुरू होते, हे मिशनवाडीत कोणी विचारलंच नव्हतं. एकाच चुलीवर चहा आणि भाकरी होते, तसं ते चाललं होतं. म्हणून हमी देताना बाईंचा हात कचरला नाही. चूक होती, पण ती मिशनवाडीच्याच माणसाला व्हावी अशी चूक होती.

यंदा पाहणीला विस्तार अधिकारी म्हणून नव्या मॅडम आल्या, सुलक्षणा मॅडम. वयानं लहान, कामाला वाघ. त्या नेमक्या सोमवारी आल्या. स्वच्छतागृहं पाहिली, पाणी पिऊन पाहिलं, उतारावरून स्वतः चालून पाहिलं आणि खूश झाल्या. मग हॉलमध्ये शिरल्या. मधे लाकडी फळ्यांचा पडदा, अलीकडे तिसरी, पलीकडे चौथी. पोरं माना खाली घालून बेरीज करत होती.

"हे आकडे कसले गं?" मॅडमनी पहिल्या बाकावरच्या सायलीला विचारलं.

सायली ही भिमाजी आप्पांची नात. आप्पा गावातले मोठे बागायतदार आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. पोरगी हुशार आणि तोंडानं तिखट. ती उभी राहून खणखणीत म्हणाली, "काल उपासनेत म्हणलेली गाणी हायेत मॅडम. प्रभुदासमामा लिहित्यात. आम्ही बेरीज करतो."

मॅडमनी हन्नाबाईंकडे पाहिलं. "इथं उपासना होते?"

"होते ना," हन्नाबाई म्हणाल्या. "दर रविवारी. माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासून."

त्यांना वाटलं, मॅडम कौतुक करतील.

मॅडमनी ऑफिसात बसून सगळं नीट समजावलं. आवाज चढवला नाही, ही त्यांची माणुसकी. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्याविरुद्ध एक तक्रार आलेली आहे. शाळेच्या वर्गात धार्मिक कार्यक्रम होतात म्हणून. मला वाटलं, कोणीतरी आकसानं केली असेल. आता मी डोळ्यांनी पाहिलं, तर न पाहिल्यासारखं कसं करू?"

तक्रार कोणाची, हे सांगायची गरज नव्हती. शिरूर रस्त्याला विश्वजीतनं इंग्रजी शाळा काढली होती, पिवळ्या बसगाड्यांची. मिशनवाडीची शाळा बंद पडली तर इथली पोरं त्याच्याच बसमध्ये चढणार. विश्वजीतही हन्नाबाईंचाच विद्यार्थी. त्यानंही या फळ्यावर बेरजा केल्या होत्या, म्हणून तर त्याला नेमकं माहीत होतं.

"पण आमची अल्पसंख्याक संस्था आहे," हन्नाबाई म्हणाल्या.

"आहे. त्यामुळे शाळा कोणी चालवायची, हे तुमची संस्था ठरवते. तिला कोणी हात लावत नाही. पण हा हॉल तुम्ही दोन वर्ग म्हणून दाखवलाय. वर्ग म्हणून दाखवायचा असेल तर तिथं फक्त शाळा. उपासनेचा म्हणायचा असेल तर तिसरी-चौथीला खोली नाही. मग मी मान्यतेची शिफारस कशी करू?"

"नवी खोली बांधली तर?"

"बांधा की."

तेच तर होत नव्हतं. जागेच्या सातबाऱ्यावर अजून कुठल्याशा जुन्या मिशनचं नाव होतं, आणि ते बदलून घ्यायला संस्थेची माणसं किती वर्षं हेलपाटे घालत होती. तोवर एक वीटही रचता येत नव्हती, ना वर्गासाठी ना देवासाठी.

मॅडम जाताना म्हणाल्या, "ठरवा आणि लेखी द्या. मी परत येऊन पाहीन."

दुसऱ्या दिवशी भिमाजी आप्पा बुलेटवरून आले. धोतर सावरत ऑफिसात बसले आणि म्हणाले, "बाई, तुमी कशाला जिवाला घोर लावून घेता? समिती माझी हाय. म्या लिहून देतो, हितं काय उपासना-बिपासना व्हत न्हाई म्हनून. खाली गावाच्या सह्या घेतो. कोन नाय म्हनतंय बघू!"

"आणि रविवारी?"

"रविवारी तुमी करा की तुमची भक्ती. दारं लावून करा. घंटा तेवढी वाजवू नका."

"दारं लावून?" बाईंचा आवाज चढला. "आप्पा, चोरून देवाचं नाव घ्यायचं, आणि सोमवारी पोरांना सांगायचं, खरं बोला? नाही जमायचं मला."

आप्पांनी टोपी काढून परत घातली. "आवं, तुमी लई सरळ हाय, त्यानंच घोटाळा व्हतो," म्हणाले आणि चहा न पिता गेले. चांगला माणूस, पण त्याला मदत करायची एकच तऱ्हा ठाऊक होती.

हॉल फक्त शाळेला ठेवायचा, असं बाईंनी ठरवलं. घरी प्रभुदासनं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. आयुष्यभर गर्दीतल्या भांडणांवर हसून पाणी टाकणारा माणूस, पण त्या संध्याकाळी ताटावरून उठला.

"हन्ना, हॉल सोडायचा म्हंजी काय सोडायचं, कळतंय का तुला? आपलं लगीन हितं लागलं. आई गेली तवा तिची पेटी हितंच घंटंखाली ठेवली, वडलांची ठेवली. मंडळीचं प्रत्येक माणूस शेवटचं हितून गेलंय. आन् तू म्हनतीस, कुलूप लावू."

"शाळा गेली तर हॉल काय चाटायचाय?"

"मंडळी गेली तर शाळा कुनाची?"

यावर हन्नाबाईंकडे उत्तर होतं. ते त्यांनी घरात दिलं नाही, मंडळीसमोर दिलं, आणि तेच प्रभुदासला लागलं. रविवारी उपासना झाल्यावर मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, सगळ्यांना बसवून घेतलं. मंडळी तरी केवढी राहिली होती! तरुण पोरं कंपनीच्या पाळ्यांना जुंपलेली, कोणी कारेगावात खोली करून राहिलेलं, कोणी पुण्याला. बाकांवर म्हातारी माणसं तेवढी होती. त्यांच्यापुढे उभं राहून हन्नाबाई म्हणाल्या, "आपल्या वाडवडिलांना गावानं विहिरीवर येऊ दिलं नव्हतं, तेव्हा शाळेनं आपल्याला माणसात आणलं. आज त्याच गावाची लेकरं आपल्या शाळेत येऊन शिकतायत. ही शाळा आपण आपल्या हातानं मारायची? देव काय हॉलमध्ये राहतो का?"

प्रभुदास पंच म्हणून उठला आणि म्हणाला, "माझं मत विरुद्ध धरा." बायकोकडे त्यानं पाहिलं नाही.

मग त्याची थोरली बहीण फेथआक्का काठी टेकत उभी राहिली. मंडळीतली सगळ्यांत वयस्क बाई. "हन्ना, एक सांग मला. उद्या म्या गेले, तर माझी पेटी कुठं ठिवणार?"

हन्नाबाईंना तो प्रश्न आडमुठा वाटला. त्या चटकन म्हणून गेल्या, "पटांगणात, चिंचेखाली. काय वाईट आहे ती जागा?"

आक्का खाली बसली. पाळकसाहेबांनी हात वर करायला सांगितले, आणि नाइलाजानं, एकेक करून, शाळेच्या बाजूनं जास्त हात वर आले. बाईंनी लिहून दिलं की यापुढे हॉलमध्ये शाळेखेरीज काहीही होणार नाही. रोज शाळा सुटली की त्या स्वतः हॉलला कुलूप लावायच्या आणि किल्ली पर्समध्ये टाकायच्या.

त्यानंतर उपासना चिंचेखाली होऊ लागली. ताडपत्री, सतरंज्या, एक हार्मोनियम. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या गेल्या की पाळकसाहेबांचा उपदेश धुळीत जायचा. प्रभुदास पाटीवर गीतांचे क्रमांक लिहायचा आणि उपासना झाली की पुसून टाकायचा. सोमवारी हॉलचा फळा कोरा. हन्नाबाई पुस्तकातली गणितं घालू लागल्या. सायली म्हणाली, "बाई, ही गणितं मेली न्हाई आवडत." बाईंनी तिला दटावलं. त्यांनाही ती आवडत नव्हती.

घरात दोघं बोलत होती, पण कामापुरतं. गॅस आला का, पिठाचा डबा कुठाय, एवढंच. प्रभुदास भांडखोर असता तर बरं झालं असतं. तो नुसता शनिवारी दुपारी अंगणात येरझारा घालायचा, आणि बाईंना त्याच्या रिकाम्या हातांकडे बघवायचं नाही. त्यांना त्याचा राग यायचा आणि स्वतःचाही यायचा. एकदा तर त्यांच्या मनात आलं की किल्ली त्याच्या हातात द्यावी, जा म्हणावं, लिहून या. पण त्या हन्नाबाई होत्या.

उसाचा हंगाम संपता संपता प्रभुदासच्या छातीत दुखायला लागलं. शिरूरच्या दवाखान्यात ठेवला. दोन्ही मुलं परगावी, ती यायची होती. बाई उशाशी बसल्या होत्या. दुपारची वेळ, खिडकीतून एसटी स्टँडवरच्या पुकाऱ्याचा आवाज येत होता, आणि प्रभुदास डोळे मिटून ऐकत होता. कुठली गाडी लागली, हे त्याला अजून आवाजावरून कळायचं.

"हन्ना."

"काय?"

"तुझ्यावर राग न्हाई माझा."

"असू दे. बोलू नका."

"एक मागतो. मला मातुर हॉलात ठिव. घंटंखाली. जास्त न्हाई, गीतं म्हनेपत्तुर."

बाईंनी त्याचा हात धरला होता. नाही कसं म्हणणार? तो बरा होऊन घरी येणार, डॉक्टर म्हणाले होते. अशा वेळी कोणतीही बायको जे म्हणेल तेच त्या म्हणाल्या. "ठेवीन. पण आत्ता कुठं जायचं नाही."

तो हसला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

तो खरंच घरी आला. थोडा हिंडूफिरूही लागला. दरम्यान मॅडमचा निरोप आला की शेवटची पाहणी येत्या सोमवारी. आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, जेवून पडलेला प्रभुदास उठला नाही.

शनिवारी शाळेला सुटी दिली होती. सकाळी शाळेच्या पटांगणात सगळी वाडी, अर्धं न्हावरं आणि शिरूर डेपोतले जुने ड्रायव्हर-कंडक्टर जमले. मुलं आली. पेटी आली. सगळ्यांच्या नजरा हॉलच्या दाराकडे. आजच्या दिवशी तरी कुलूप निघणार, असं कोणी म्हणालं नाही, पण सगळ्यांनी धरलंच होतं.

फेथआक्का जवळ आली. तिच्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. "दे किल्ली, हन्ना. माझा भाऊ हाय त्यो."

हन्नाबाईंनी पर्स छातीशी धरली होती.

भिमाजी आप्पा हलकेच म्हणाले, "उघडा बाई. आज कोन काय म्हनत न्हाई. म्या हाय ना."

बाईंनी मान वर केली. गर्दीच्या कडेला विश्वजीत उभा होता. पांढरे कपडे, हातात हार, डोळे ओलावलेले. प्रभुदासमामांनी त्याला लहानपणी कितीदा फुकट शिरूरला नेला होता, आणि तो मनापासून आला असेल, खोटं का बोला. पण शर्टाच्या खिशात त्याचा मोबाईल होता, आणि अशा मोबाईलवर एक फोटो काढायला किती वेळ लागतो? परवा मॅडम येणार. लिहून दिलेल्या कागदावर सही हन्ना रणभिसे अशी होती. एकदा दार उघडलं की ती सही खोटी ठरली, आणि तिसरी-चौथीची पोरं रस्त्यावर.

दुसरा शब्द, दवाखान्यात दिलेला, कुठंच लिहिलेला नव्हता. तो ऐकणारा समोर पेटीत निजला होता. तो कोणाकडे तक्रार करणार नव्हता.

"पटांगणातच ठेवा," हन्नाबाई म्हणाल्या. "चिंचेखाली."

मोठा मुलगा म्हणाला, "आई!"

"चिंचेखाली म्हटलं ना!" तो आवाज कावळे उडवणारा होता, पण मधेच फाटला.

पेटी ठेवायला बाक हवे होते, आणि बाकही हॉलमध्ये. आप्पांनी माणसं पिटाळली आणि रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलातून दोन बाकडी आणवली. त्यांवर ओल्या कपांचे गोल डाग होते. त्यावरच प्रभुदासला ठेवला. पाळकसाहेबांनी गीतं सांगितली, मंडळीनं म्हटली. उन्हाचे कवडसे पेटीवर हलत होते. कंडक्टर-ड्रायव्हर टोप्या काढून उभे राहिले. नंतर सगळे दफनभूमीकडे निघाले.

माती देऊन झाल्यावर माणसं एकेक करून हन्नाबाईंना "सलाम बाई" म्हणून गेली. मंडळीची ती जुनी पद्धत. फेथआक्का समोर आली, थांबली आणि काहीही न म्हणता काठी टेकत निघून गेली.

त्या दोन दिवसांत बाई फारशा रडल्या नाहीत, असं लोक सांगतात. काहींनी तर त्याचाही बोभाटा केला. नवऱ्यापेक्षा शाळा मोठी झाली, असं मंडळीतल्याच बायका बोलल्या. बाईंच्या कानावर आलं. त्यांनी कोणाला उत्तर दिलं नाही, कारण दवाखान्यातली गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक झाली असती तर लोक याहून वाईट बोलले असते.

सोमवारी त्या शाळेत गेल्या. मुलं म्हणाली, आई, निदान आज नको. त्या म्हणाल्या, पाहणी आहे.

सुलक्षणा मॅडमना गेटावरच बातमी कळली. त्या हॉलमध्ये आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. पडदा, बाक, फळा, कोपरे, सगळं एका नजरेत पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळं व्यवस्थित आहे, बाई. मी आजच शिफारस पाठवते. मान्यतेची काळजी करू नका." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शनिवारचं मला आत्ता गेटावर कळलं. बाई, अहो, तुम्ही मला एक फोन करायचा. अंत्यविधीला कोण आडकाठी करतं? मी स्वतः परवानगी लिहून दिली असती."

हन्नाबाईंनी हातातल्या पर्सकडे पाहिलं. फोन पर्समध्ये होता. किल्लीच्या शेजारीच होता. सगळ्या आयुष्यात त्यांनी ऑफिसातल्या माणसाला काही मागितलं नव्हतं. नियम असेल तर पाळायचा, नसेल तर नाही. नियम सांगणाऱ्या माणसालाच विचारता येतं, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"त्यांनी माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं," त्या म्हणाल्या. "हॉलमध्ये ठेव म्हणून. मी हो म्हटलं होतं."

हे त्या पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होत्या, आणि तेही एका परक्या बाईला. मॅडमनी बाईंच्या हातावर हात ठेवला, मग तोही काढून घेतला.

पोरं बाकांवर चिडीचूप बसली होती. सायली हळूच म्हणाली, "बाई, आज पुस्तक काढायचं?"

हन्नाबाई फळ्याकडे गेल्या. फडकं ओलं करून उजवा कोपरा पुसला आणि वाळेपर्यंत थांबल्या. मग खडू घेऊन एकाखाली एक आकडे लिहिले. त्यांचं अक्षर बारीक, शिक्षिकेचं. आकडे टपोरे येईनात. एक पुसून परत काढला, तरी येईना.

मग त्या मॅडमकडे वळल्या. "ही शनिवारी चिंचेखाली म्हटलेली गीतं आहेत. लिहून घ्यायचं असेल तर घ्या."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि मागच्या बाकावर पोरांच्या शेजारी जाऊन बसल्या.

पोरांनी वह्या उघडल्या. हातचे बोटांवर मोजले जाऊ लागले, कोणी ओठ हलवू लागलं. नेहमीप्रमाणे सायलीचं आधी झालं. ती वही घेऊन पुढं आली आणि बाईंच्या समोर धरून उभी राहिली. बेरीज अचूक होती. हन्नाबाईंना तसं म्हणायचं होतं, पण त्यांना वहीतलं काही दिसेना. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या वर्गासमोर, मॅडमसमोर, शनिवारचं राहिलेलं रडू लागल्या.